ग्लेनिसचा नॅव्हिगेशनचा पेपर

माझा भाऊ व्हर्नन ब्लँचर्ड याला डॉक्टरांनी विमान उडवायला मनाई केली, तेव्हा त्यानं आधी डॉक्टरांना शिव्या दिल्या आणि मग माझ्या भावजयीला. डॉक्टरांनी त्याच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. ग्लेनिसनं काय केलं होतं, तर लग्न झाल्यापासून रोज सकाळी त्याला अंडी तळून दिली होती. म्हणजे दोष तिचाच.

स्केल्डबीचं आमचं विमानतळ म्हणजे युद्धाच्या वेळची एक धावपट्टी, दोन्ही अंगांना बीटाची शेतं आणि एक पत्र्याचा क्लब. तिथलं कँटीन मी चालवते, त्यामुळे जे घडलं त्यातलं बरंच माझ्या काउंटरच्या अलीकडे-पलीकडेच घडलं. उरलेलं त्यांच्या स्वयंपाकघरात. त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे आणि मधली भिंत पातळ आहे.

व्हर्ननचा एका विमानात चौथा हिस्सा होता. असं चौघांनी मिळून एक विमान ठेवायचं ही आमच्याकडची पद्धत; एकट्यानं ठेवणं कुणाला झेपतं? पण हिस्सेदारांचा एक नियम होता. हिस्सा ज्याच्या नावावर, तो उडवणारा तरी हवा नाहीतर शिकणारा तरी, आणि शिकणारा म्हणजे थिअरीचे सगळे पेपर पास झालेला. नुसता मालक चालणार नाही. हा नियम व्हर्नननंच पूर्वी एका विधवेला बाहेर काढण्यासाठी करवून घेतला होता. आता हिस्सेदारांचा सेक्रेटरी कॉलिन त्याला म्हणाला, "पुढच्या नोव्हेंबरच्या सभेपर्यंत बघ बाबा. तोपर्यंत तुझी तब्येत सुधारली तर ठीक, नाहीतर हिस्सा आम्ही उरलेले तिघं घेऊ." कॉलिनच्या जावयाला विमान शिकायचं होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. व्हर्नन मटण कापत होता, म्हणजे मटणावर राग काढत होता. ग्लेनिसनं ग्रेव्हीचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी शिकते."

"काय शिकतेस?"

"विमान. हिस्सा माझ्या नावावर कर. मी पेपर देते."

व्हर्नन हसला. तोंडात गाजर होतं, ते दिसलं. "गाडी मागे घेताना दोनदा फाटक पाडलंयस तू."

"एकदा. दुसऱ्यांदा तू होतास."

"रूथ, ऐकतेस ना?" तो मला म्हणाला. "शाळेच्या पोरांना कस्टर्ड वाढणारी बाई आता विमान चालवणार."

"मी ऐकतेय," मी म्हटलं. "बटाटे दे इकडे."

ग्लेनिसबद्दल सांगायचं तर फारसं काही नाही, आणि व्हर्नननंच ते तसं ठेवलं होतं. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, दलदलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. पंधराव्या वर्षी शाळा सोडली. त्यानंतर तिनं परीक्षा म्हणून जी दिली ती गाडी चालवण्याची, आणि तीही व्हर्नन गावाला गेला असताना. पुढे गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी. मूलबाळ नाही. शनिवारी हवा चांगली असली की ती व्हर्ननच्या शेजारी बसून नॉरफोकच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन यायची. नकाशा तिच्या मांडीवर असायचा, पण तो बघायचा व्हर्ननच. एकदा ती मला म्हणाली होती, वरून बघताना तिला दर वेळी वाटतं की आत्ता याच्या हातातून विमान वळवायची दांडी काढून घ्यावी. मला वाटलं, त्याच्या वळणांची भीती वाटते म्हणून म्हणत असेल. तसं नव्हतं. तिला दांडी हवी होती.

पुस्तकं आली. स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरला गेला तो मग उचललाच गेला नाही. व्हर्ननचं ताट नकाशाच्या कडेवर, लंडनच्या दक्षिणेला. ग्लेनिस शाळेतून आली की बटाटे उकळायला टाकायची आणि वाचायला बसायची. व्हर्नन पुढच्या खोलीत टीव्हीचा आवाज इतका मोठा करायचा की मला माझ्या घरात बातम्या ऐकू यायच्या. मध्येच येऊन दारात उभा राहायचा.

"ढग किती प्रकारचे?"

ती सांगायची.

"मोठ्यानं बोल. विमानात असं पुटपुटलीस तर कंट्रोलवाला काय समजेल, प्रार्थना करतेयस?"

कॉलिन चहाला आला की जास्तच. "विचार, विचार तिला काहीही," व्हर्नन म्हणायचा. "सध्या आमच्याकडे प्राध्यापकीण आहे." कॉलिन बिचारा बिस्किटात तोंड घालून बसायचा. बिचारा म्हणते खरी, पण त्याचा जावईही डोक्यात होताच.

एक पेपर माणसाच्या शरीरावर होता. थकवा, दारू, कान, डोळे, हृदय. त्याचा अभ्यास मात्र ग्लेनिसनं मोठ्यानं केला. व्हर्नन जेवायला बसला की ती पुस्तक मिठाच्या डबीला टेकवून वाचायची. "हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी. लठ्ठपणा. धूम्रपान. व्यायामाचा अभाव. चटकन राग येणं."

"चटकन राग येणं तिथे लिहिलेलं नाही."

"बघ ना. चष्मा देऊ?"

त्यानं पाहिलं नाही. तिथे ते लिहिलेलं होतं की नाही, मलाही ठाऊक नाही. त्या पेपरात तिचं एकही उत्तर चुकलं नाही.

कायद्याचा पेपर पास, हवामानाचा पास, इंजिनाचा पास. दर पेपरानंतर व्हर्नन थोडा अधिक गप्प होत गेला. मला हे लहानपणापासून माहीत आहे. आमचे वडील रागावले की भांडी आपटायचे, आणि व्हर्नन रागावला की सभ्य व्हायचा.

राहिला नॅव्हिगेशनचा. नकाशा, वारा, वेळ, इंधन. कुठून कुठे जायचं आणि वाटेत वारा तुम्हाला कुठे ढकलेल, हे काढायचं. हा पेपर ग्लेनिस पहिल्यांदा थोडक्यात नापास झाली. वेळ पुरला नाही. पेपर घेणारे टॉम्लिन, पूर्वी हवाई दलात होते. क्लबमधल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलंय, व्हर्ननलासुद्धा. ते म्हणाले, "अगं, हात जरा भरभर चालायला हवा, बाकी काही नाही. बुधवारी वर्गाला येतेस तशी येत राहा."

पण त्या रात्री जेवताना व्हर्नन म्हणाला, "टॉम्लिनच्या वर्गात वीस वर्षांची पोरं असतात. त्यांच्यात बसून तुझं हसं होतंय. मी शिकवतो."

दुसऱ्या दिवशी हे तिनंच मला सांगितलं, काउंटरवर कोपर टेकून, आणि सांगताना तिचे कान लाल झाले होते. "स्वतःहून म्हणाला गं. चहासुद्धा केला त्यानं."

"व्हर्नननं?"

"दूध जास्त पडलं होतं. पण केला."

मग दोन-तीन आठवडे भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज आला नाही. व्हर्ननचा आवाज यायचा, शांत, एका लयीत. तो तिला वाऱ्याची तबकडी शिकवत होता. ही एक साधी वस्तू आहे, सगळे शिकाऊ ती वापरतात. पारदर्शक गोल तबकडी, तिच्याखाली सरकणारी रेघांची पट्टी. वारा कुठून आणि किती, ते तबकडीवर पेन्सिलीनं ठिपका काढून दाखवायचं, मग तबकडी फिरवून आपला वेग आणि भरकटणं वाचायचं. घोळ एवढाच, की ठिपका मधल्या बिंदूच्या खाली काढायची एक पद्धत आहे आणि वर काढायची दुसरी. दोन्ही बरोबर. फक्त ज्या पद्धतीनं काढला त्याच पद्धतीनं वाचायचं.

दुसऱ्यांदा ती नापास झाली, आणि पहिल्यापेक्षा वाईट.

"डोकं चालवत असशील मध्येच," व्हर्नन म्हणाला. "मी काय सांगितलं होतं? तबकडी सांगेल ते लिहायचं. तुझी अक्कल मध्ये आणायची नाही."

तिसऱ्यांदाही नापास झाली, तेव्हा मी काउंटर पुसत होते. टॉम्लिन परीक्षेच्या खोलीतून बाहेर आले, त्यांच्यामागून ग्लेनिस. तिनं कोट चुकीच्या बटणात लावला होता.

"चार वेळा बसता येतं," टॉम्लिन म्हणाले. "चौथ्यांदाही गेला तर बाकीचे पास झालेले पेपरसुद्धा जातात. सगळं पहिल्यापासून."

"माहितीय. कायद्याच्या पेपरात होतं ते."

"आणि सभा कधी?"

"पंधरा दिवसांनी," मी म्हटलं. ती कोटाची बटणं पुन्हा लावत होती.

टॉम्लिन दाढी खाजवत बसले. त्यांना पेपराबद्दल बोलायची मुभा नाही, कुठल्या भागात कच्ची आहे एवढंच सांगता येतं. पण स्वतःचं एखादं गणित घालायला कोण अडवणार? त्यांनी माझ्या काउंटरवर तबकडी ठेवली. "ग्लेनिस, तू सरळ उत्तरेला चाललीयस. वारा उत्तरेकडून, चांगला जोराचा. किती वेगानं पुढे जाशील? काढ."

तिनं पेन्सिल घेतली. ठिपका मधल्या बिंदूच्या वर काढला. तबकडी फिरवली, पट्टी सरकवली, आणि मग ठिपक्याखालची रेघ वाचून आकडा सांगितला.

टॉम्लिननी मान वर केली. "वारा तोंडावर येतोय. आणि तू जास्त जोरात?"

"तबकडी तेच सांगते."

"तू शाळेतून घरी सायकलवर येतेस ना? समोरून वारा असला की लवकर पोचतेस?"

ग्लेनिसचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी फडकं खाली ठेवलं.

"ठिपका वर काढायचा तर बिंदूवर वाचायचं," टॉम्लिन म्हणाले. "खाली काढायचा तर ठिपक्यावर. तू अर्धं एक करतेयस, अर्धं दुसरं. त्यामुळे तुझा समोरचा वारा पाठून यायला लागतो. आणि पेपर काढणारे काही दूधखुळे नाहीत. या चुकीनं जे उत्तर येतं, ते चार पर्यायांत मुद्दाम टाकून ठेवलेलं असतं. तुला तुझं उत्तर तिथे सापडायचं, नाही का?"

"दर वेळी," ग्लेनिस म्हणाली. "मला बरं वाटायचं."

"मी तर तुला खाली काढायला शिकवलं होतं. हे कुणी शिकवलं?"

ग्लेनिसनं पेन्सिल खाली ठेवली. टॉम्लिननी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते उगाच चहात साखर ढवळत बसले. व्हर्ननलाही त्यांनीच शिकवलं होतं. खालचीच पद्धत.

त्या संध्याकाळी मी ग्लेनिसबरोबर तिच्या घरी गेले. ती नको म्हणाली नाही. व्हर्नन जेवत होता. सॉसेज आणि मटार, ती सकाळी करून गेली होती ते गरम करून.

"काय झालं?" त्यानं विचारलं. इतक्या गोड आवाजात की मला मटार उचलून फेकावेसे वाटले.

"नापास."

"अरेरे." त्यानं सॉसेज कापलं. "जाऊ दे. सगळ्यांनाच जमतं असं नाही. तू प्रयत्न केलास."

ग्लेनिसनं कोट न काढताच खुर्ची ओढली. "एक गणित अडलंय. तू करून दाखव ना. टॉम्लिन म्हणाले, तुझ्याइतका हात कुणाचा चालत नाही."

हे टॉम्लिन म्हणाले नव्हते. पण व्हर्नननं काटा खाली ठेवला, बोटं पुसली, तबकडी घेतली. ग्लेनिसनं आकडे सांगितले. त्याच्या हातानं तबकडी फिरवली, पेन्सिल टेकवली आणि ठिपका काढला. खाली. मग झटकन फिरवून वेग वाचला, अगदी बरोबर, घासही न गिळता.

ग्लेनिस त्या ठिपक्याकडे बघत होती. मग व्हर्नननंही पाहिलं. त्याच्या अंगठ्यानं ठिपका पुसायला सुरुवात केली, पण आता पुसून काय होणार होतं?

"मला वरचीही येते," तो म्हणाला.

"हो का?"

"मी तुला सोपी म्हणून—"

"व्हर्नन," मी म्हटलं, "गप्प बस."

"तू तुझ्या घरी जा, रूथ!"

"ती बसेल," ग्लेनिस म्हणाली. आवाज चढवला नाही. "का केलंस?"

त्यानं मटार काट्यानं एका बाजूला सारले. मग एकदम ताट ढकललं. "मग काय करू? माझ्या विमानात मी तुझ्या बाजूला बसून तुला बिस्किटं देऊ? क्लबात सगळे बघणार, ब्लँचर्डला त्याची बायको फिरवून आणते. म्हाताऱ्या आईला समुद्र दाखवायला नेतात तसं! त्यापेक्षा कॉलिनच्या जावयानं घेतलेलं परवडलं."

"मी तुला नेणार होते असं कुणी सांगितलं?"

हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. इतके महिने तो तिच्याशी लढला, ते एका अशा खुर्चीच्या भीतीनं, जिच्यावर त्याला कुणी बसवणारच नव्हतं.

ग्लेनिस उठली, त्याचं ताट उचललं आणि उरलेलं सॉसेज कचऱ्यात टाकलं. त्यानंतर चौथ्या पेपरापर्यंत ती बुधवारी टॉम्लिनच्या वर्गात वीस वर्षांच्या पोरांमध्ये बसली, आणि बाकीचे दिवस माझ्या टेबलावर. माझ्याकडे टेबल लहान आहे. नकाशा भिंतीवर चिकटवला. तिची गणितं बघून मलाही त्यातलं थोडं कळायला लागलं, आणि कळलं की ही बाई मठ्ठ कधीच नव्हती. तिला रोज मठ्ठ म्हटलं जायचं आणि ती ऐकून घ्यायची, एवढंच.

चौथ्या पेपरच्या शनिवारी व्हर्नन क्लबात आला. कुणी बोलावलं नव्हतं. कॉलिनही आला. दोघं खिडकीशी बसले, बेकन घातलेले पाव मागवले आणि मोठमोठ्यानं पूर्वीच्या उड्डाणांच्या गप्पा मारू लागले; परीक्षेची खोली बरोबर मागे, दार लाकडाचं. मी पाव नेऊन आदळले.

"जरा हळू. आत पेपर चाललाय."

"आमचाही हा क्लब आहे," व्हर्नन म्हणाला.

"मग बाहेर जाऊन विमानांशी बोल."

कॉलिन हसला आणि मग हसल्याबद्दल त्यालाच वाईट वाटल्यासारखं दिसलं. व्हर्नन गप्प झाला. पण गेला नाही. त्यानं पावाचा एक घास घेतला आणि तसाच ठेवून दिला. मला कळत होतं, तो कशाची वाट पाहतोय. मीही पाहत होते. आत ती नापास झाली असती तर पास झालेला प्रत्येक पेपर गेला असता, हिस्सा गेला असता, आणि घरी तिला रोज "तू प्रयत्न केलास" हे ऐकावं लागलं असतं, आयुष्यभर, त्या गोड आवाजात.

दार उघडलं. आधी ग्लेनिस आली. चेहऱ्यावर काही नाही. उत्तरं तपासून टॉम्लिन बाहेर येईपर्यंत ती माझ्या काउंटरशी उभी राहिली, नॅपकिनच्या घड्या घालत. मग टॉम्लिन आले, उत्तरांवर ठेवायची भोकं पाडलेली पट्टी अजून हातातच.

"पास," ते म्हणाले. "आणि वाऱ्याचं एकही चुकलं नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडे वाजवत नाहीत. कॉलिन उठून म्हणाला, "अभिनंदन, ग्लेनिस," आणि ते त्याला मनापासून म्हणता आलं नाही, पण म्हणाला.

"आता सभेच्या आधी हिस्सा माझ्या नावावर करायचाय," ती म्हणाली. "कागद तुझ्याकडे आहे ना, कॉलिन?"

कॉलिननं व्हर्ननकडे पाहिलं.

"हिस्सा माझा आहे," व्हर्नन म्हणाला. "मी सही करणार नाही. पास झाली म्हणून काय झालं? सभेत मी सांगेन, हिस्सा विकायचाय. विषय संपला."

ग्लेनिसनं नॅपकिन खाली ठेवला. पिशवीतून तबकडी काढली, टेबलाशी गेली आणि त्याच्या पावाशेजारी ठेवली.

"कॉलिनला दाखव ना," ती म्हणाली. "मला कशी शिकवलीस ते. हळूहळू दाखव. ठिपका कुठे काढायचा ते पण."

आमच्या क्लबात माणसं पुष्कळ काही पोटात घालतात. कुणाची बायको कुणाबरोबर गेली, कुणी विमान ठेवायच्या शेडचं भाडं बुडवलं, कुणी बिअर पिऊन विमानाला हात लावला, हे सगळं पुढच्या शनिवारी विसरलं जातं. पण शिकणाऱ्याला जाणूनबुजून उलटा वारा शिकवणं, म्हणजे त्याला इंधन संपेपर्यंत समुद्रावर सोडून देणं. तसं केलेल्या माणसाशेजारी इथे कुणी चहा पीत नाही. व्हर्ननला हे माझ्याहून जास्त माहीत होतं.

"का? कशी शिकवली?" कॉलिननं विचारलं.

टॉम्लिन दाराशी उभे होते. त्यांनी काही सांगितलं नाही. मीही नाही. व्हर्ननची मान लाल झाली, मग कान, मग सगळं डोकं. तो तबकडीकडे न बघता खिशात काहीतरी चाचपत राहिला.

"पेन आहे का कुणाकडे?" तो म्हणाला.

माझ्या एप्रनच्या खिशात होतं. मी दिलं. कॉलिननं गाडीतून कागद आणला, व्हर्नननं सही केली. सही वाकडी आली. ग्लेनिसनं तबकडी उचलून पिशवीत ठेवली आणि पावाची ताटली माझ्याकडे आणून दिली, सवयीनं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं उडवण्याची परीक्षाही दिली. आता हवा चांगली असली की शनिवारी ती एकटी किनाऱ्यापर्यंत जाऊन येते. कधी मला नेते. मला वर गेलं की मळमळतं, पण जाते. व्हर्ननला नेलेलं नाही. त्यानं विचारलेलंही नाही. तो क्लबात येतो, खिडकीकडे पाठ करून बसतो. कॉलिननं त्याला पुन्हा कधी काही विचारलं नाही, पण त्याच्या टेबलावर बसायचं कमी केलं.

परवा ती उतरून आत आली, हातमोजे काढत.

"विमान आपटलंस आज," व्हर्नन म्हणाला.

"तुझी पाठ होती तिकडे."

"आवाज आला."

"मग कान अजून शाबूत आहेत म्हणायचे. रूथ, एक चहा दे गं."

तिनं तो उभ्यानंच प्यायला. मग दोघं घरी गेले, दोन गाड्यांतून. आधी ती गेली, मग तो.